वर्धा नदीतला लाल गोटा: लोहखनिज, वीट की वालुकाश्म?

चंद्रपूर जिल्ह्यात वढा गावाजवळ पैनगंगा वर्धेला मिळते. संगमाच्या खाली, नदीच्या आतल्या वळणावर उन्हाळ्यात गोट्यांचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. जवळच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मुलांना तिथं नेलं, ज्याला जो आवडेल तो दगड उचलू दिला आणि वर्गाच्या एका कोपऱ्यात सगळे मांडून ठेवले. त्यातल्या एका लालसर तपकिरी गोट्यावरून वाद सुरू झाला. बाईंनी त्याच्यापुढे 'लोहखनिज' अशी चिठ्ठी ठेवली होती. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या खाणींमुळे लाल दगड म्हणजे लोखंड हे समीकरण या भागात आता पक्कं झालंय. सातवीतली एक मुलगी मात्र ऐकेना. "बाई, हा तं विटेचा तुकडा आहे, नदीनं घासलेला." शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी तिसरंच सांगितलं: गावाखालच्या दरडीत असाच दगड आहे आणि त्याच्यावर विळ्याला चांगली धार लागते.

बाईंनी तो गोटा आणि सोबत त्याच पट्ट्यातले आणखी मूठभर दगड माझ्याकडे पाठवले. "सर, काय आहे ते सांगाच, पण कशावरून तेही सांगा. मुलांना नुसतं नाव नकोय." हे लिहिण्याचं कारण बाईंची ही दुसरी अट. नदीतला लाल गोटा जवळजवळ प्रत्येक जण रंगावरून ओळखायला जातो आणि रंग हाच त्याच्याकडचा सगळ्यात कच्चा पुरावा असतो. दगड नेमका कोणता ते त्याचे कण सांगतात, आणि ते कण कशानं धरून ठेवलेत ही गोष्ट सांगते.

आधी नकाशा

नदीतला दगड वरच्या अंगानं आलेला असतो. म्हणून गोट्याला हात लावण्याआधी वर कोणकोणते खडक आहेत ते पाहिलं की निम्मं काम होतं. वर्धा मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि वाटेचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवरून कापते. वरोरा-भद्रावतीच्या आसपास ती गोंडवना नावाच्या जुन्या, गाळाच्या खडकांच्या पट्ट्यात येते. इथले कोळशाचे थर ज्यांच्यात आहेत ते बराकर वालुकाश्म, आणि त्यांच्या वरचे लालसर कामठी वालुकाश्म. पैनगंगाही अजिंठ्याच्या डोंगररांगेतून बेसाल्टवरूनच येते, पण शेवटच्या टप्प्यात, वणी-कोरपना-राजुऱ्याच्या बाजूला, ती खूप जुन्या चुनखडकावरून वाहते. भूशास्त्रात या खडकांना तिचंच नाव आहे, पैनगंगा गट. कोरपना-राजुऱ्याचे सिमेंट कारखाने याच चुनखडकावर चालतात.

म्हणजे संगमाखालच्या पट्ट्यात काय सापडणार याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो: काळे बेसाल्टचे गोटे, बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटलेले अकीक आणि गारगोट्या, करडा आणि गुलाबीसर चुनखडक, वालुकाश्म. शिवाय माणसानं टाकलेल्या विटा, काँक्रीटचे तुकडे, भट्टीची खंगरं. बाईंच्या पिशवीत हे जवळजवळ सगळं होतं.

लोहखनिजाचा दावा इथंच डळमळीत झाला. सुरजागड आणि लोहारा हे दोन्ही लोहखनिजाचे साठे पूर्वेकडे आहेत. त्या बाजूचं पाणी वढ्याच्या वर कुठंही वर्धेत येत नाही. वैनगंगासुद्धा वर्धेला भेटते ती बरीच खाली, चपराळ्याजवळ, आणि तिथून पुढं प्राणहिता सुरू होते. एखाद्या ट्रकमधून पडलेला खनिजाचा तुकडा नदीत यायला हरकत नाही, पण नदीनं स्वतः तो आणलेला असणं शक्य नव्हतं. अर्थात नकाशा शक्यता कमी-जास्त करतो, निकाल देत नाही. निकालासाठी दगडाकडेच जावं लागतं.

संशयित

लाल गोट्यासाठी माझ्या मनात पाच नावं होती. हेमेटाइट हे लोहखनिज. जास्पर, म्हणजे लोहामुळं लाल झालेली अपारदर्शक गार. वीट. बाहेरून गंजून तांबडा झालेला बेसाल्ट. आणि वालुकाश्म. कुणी जांभ्याचंही नाव घेईल, पण जांभ्यात कण नसतात, त्यात वेडीवाकडी भोकं आणि लाल-पिवळ्या मातीचे चट्टे असतात. हा गोटा भरीव आणि एकसारखा दिसत होता, त्यामुळं जांभा मी लगेच बाजूला काढला.

गोटा चपटा, लांबट गोल होता. लांबी साधारण ९ सेंटिमीटर, रुंदी ७, जाडी ५. कडा गोलावलेल्या, पण पूर्ण गुळगुळीत नव्हत्या. हात फिरवला की बारीक खरखर लागायची. चपट्या बाजूंना समांतर अशा फिकट-गडद रेघा होत्या, कोरड्या दगडात अंधूक आणि ओल्यात स्पष्ट. खरं तर एवढ्यावरूनच अनुभवी माणूस नाव सांगेल. पण बाईंना 'कशावरून' हवं होतं, तेव्हा वजनापासून सुरुवात केली.

वजन, तेही स्वयंपाकघरातल्या काट्यावर

दगड हातात जड लागतो की हलका, हे आपण त्याच्या आकारावरून ठरवतो आणि फसतो. घनता काढणं अगदी सोपं आहे. गोटा दिवसभर कडक उन्हात वाळवला आणि डिजिटल काट्यावर ठेवला: ३८८ ग्रॅम. मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी फडक्यानं वरचं पाणी टिपून पुन्हा वजन केलं: ४०५ ग्रॅम. म्हणजे १७ ग्रॅम पाणी आत शिरलं होतं. त्यानंतर पाण्यानं भरलेलं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि तोच भिजलेला गोटा दोऱ्यानं भांड्यात सोडला. तो पूर्ण बुडला पाहिजे, पण तळाला किंवा कडेला लागता कामा नये. काट्यानं १६५ ग्रॅम दाखवले. बुडालेला दगड जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढंच वजन काट्यावर वाढतं, म्हणून गोट्याचं घनफळ १६५ मिलिलिटर. कोरडं वजन भागिले घनफळ, घनता २.३५.

हा एक आकडा तीन संशयितांना बाहेर काढतो. हेमेटाइटची घनता ५ च्या आसपास असते, म्हणजे शुद्ध खनिजाचा एवढाच गोटा ८०० ग्रॅमच्या वर भरला असता. ताज्या बेसाल्टची घनता २.८ ते ३ असते, तो साधारण ४६० ते ४९० ग्रॅम भरला असता. साधी भाजलेली वीट १.६ ते १.९ च्या आत असते, तिचा एवढा तुकडा ३०० ग्रॅमच्या आसपास थांबला असता. क्वार्ट्झची, म्हणजे आपल्या गारगोटीच्या खनिजाची, घनता २.६५. आपला गोटा त्याच्यापेक्षा हलका निघाला आणि त्यानं पाणीही प्यायलं. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. १६५ मिलिलिटरच्या गोट्यात १७ मिलिलिटर पाणी शिरलं, म्हणजे त्यातली जवळजवळ १० टक्के जागा रिकामी आहे. क्वार्ट्झमधून १० टक्के जागा वजा केली तर घनता २.३८ च्या जवळ यायला हवी. आपल्याला २.३५ मिळाली. स्वयंपाकघरातल्या काट्याचा हिशेब इतका जुळावा याचा मला खरोखर आनंद झाला. उरलेला किरकोळ फरक म्हणजे रात्रभरातही पाणी न पोचलेल्या बारीक पोकळ्या.

जास्पर इथंच गळून पडला. तो क्वार्ट्झच, पण घट्ट, पाणी न पिणारा. पिशवीतल्या खऱ्या जास्परच्या खड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा बसून राहिला. गोट्याच्या घासलेल्या भागावर टाकलेला थेंब बघता बघता पसरला आणि मुरला.

आणखी एक. मुलांनी गोट्याला लोहचुंबक लावून पाहिलं होतं, ते चिकटलं नाही, म्हणून 'लोखंड नाही' असं त्यांनी ठरवलं होतं. निष्कर्ष बरोबर, पण त्याचं कारण टिकणारं नाही. हेमेटाइटसुद्धा साध्या चुंबकाला सहसा चिकटत नाही, चिकटतं ते मॅग्नेटाइट. हेमेटाइटसाठी खरी कसोटी म्हणजे त्याची रेघ: टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासलं की गडद रक्तासारखी लाल रेघ उमटते. आपल्या गोट्यानं टाइलवर फिकट तांबूस भुकटी सोडली, आणि भुकटी पुसल्यावर खाली टाइललाच ओरखडे पडलेले दिसले. हे ओरखडे मला रेघेपेक्षा जास्त बोलके वाटले. त्यांच्याकडे पुढं येतो.

भिंगाखाली

१० पट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि दगड भिंगाकडे आणायचा, उन्हाकडे तोंड करून. पुष्कळ जण उलट करतात, भिंग दगडावर ठेवून वरून लांबून बघतात, आणि मग काही दिसत नाही म्हणतात.

गोट्याचा पृष्ठभाग ओला करून पाहिला तर सगळीकडे कणच कण. बहुतेक काचेसारखे, करडे, प्रकाश आत घेणारे: क्वार्ट्झ. मधूनमधून दुधट पांढरे ठिपके, सुईनं टोचले की पिठासारखे सुटणारे. हा एके काळचा फेल्स्पार, खडकांत सर्रास आढळणारं एक खनिज, आता सडून चिनी मातीसारखा झालेला. एका रेघेच्या कडेला अभ्रकाच्या चांदीसारख्या पापुद्र्यांची चमक होती. स्टीलची पट्टी कडेला धरून मोजलं तर एका मिलिमीटरमध्ये साधारण दोन कण बसत होते, म्हणजे कणाचा आकार अर्धा मिलिमीटर. ०.०६ ते २ मिलिमीटर या आकाराच्या कणांना भूशास्त्रात वाळू म्हणतात, मग तो कण कोणत्याही खनिजाचा असो. आपला कण त्यात मध्यम आणि भरड वाळूच्या सीमेवर बसतो.

लाल रंग मात्र कणांचा नव्हता. कण बिनरंगी होते आणि त्यांच्यावर लाल लेप होता. कणाची एखादी बाजू नदीनं घासून उघडी पडली होती, तिथं आतली काच दिसत होती. हा लेप हेमेटाइटचाच. बाईंची चिठ्ठी अगदीच निराधार नव्हती, गोट्यात लोह आहे, पण पातळ रंगाएवढंच. दगड लाल दिसायला टक्का-दोन टक्के लोहसुद्धा पुरतं. रंगावर भरवसा ठेवू नये तो यासाठी. हाच लेप विटेत असतो, जास्परमध्ये असतो, सडलेल्या बेसाल्टमध्ये असतो.

आता विटेचं. पिशवीत नदीनं गोल केलेला विटेचा एक तुकडा होताच, आणि त्या मुलीची शंका किती रास्त होती ते तो शेजारी ठेवल्यावर कळलं. रंग तोच, आकार तोच, खरखर तीच. भिंगाखाली फरक लख्ख दिसला. विटेतही वाळूचे कण असतात, पण ते भाजलेल्या मातीत सुटेसुटे, एकमेकांपासून लांब अडकलेले असतात. मध्येच तुसाची किंवा राखेची जळून गेलेली जागा, वाकडंतिकडं भोक. आपल्या गोट्यात प्रत्येक कण शेजारच्या कणाला टेकलेला होता, आणि मधल्या फटींत थोडा लाल चिकटा. पाण्यानं वाहून आणलेली वाळू अशीच बसते, कणावर कण. कुंभारानं किंवा वीटभट्टीवाल्यानं मळलेल्या मातीत कण असे एकमेकांवर रचले जात नाहीत. विटेत रेघा नसतात हेही खरंच, पण कण टेकलेत की सुटे आहेत, ही कसोटी मला सगळ्यात पक्की वाटते, आणि ती सातवीतल्या मुलाला एका मिनिटात शिकवता येते.

मऊ की कठीण?

या टप्प्यावर बाईंचा फोन आला. त्यांनी शाळेत सुरीनं दुसरा एक तसाच गोटा खरवडून पाहिला होता, त्याची भुकटी निघाली. "सर, सुरीनं खरवडतो म्हणजे मऊ दगड झाला. मग क्वार्ट्झ कसं?"

हा प्रश्न वालुकाश्माच्या ओळखीतला कळीचा प्रश्न आहे. पुस्तकात काठिण्याची मोजपट्टी खनिजांसाठी दिलेली असते: कॅल्साइट ३, सुरीचं पोलाद आणि काच साडेपाचच्या जवळपास, क्वार्ट्झ ७. ती आपण सरळ दगडाला लावतो. वालुकाश्म म्हणजे शेंगदाण्याची चिक्की आहे: दाणे एका जातीचे, त्यांना धरणारा गूळ दुसऱ्या जातीचा. सुरी दाण्याला कापत नाही, गूळ मोडून दाणा अख्खा उपटते. खरवडून निघालेली भुकटी बोटाच्या चिमटीत घेऊन जुन्या काचेच्या तुकड्यावर दाबून घासा. काचेवर ओरखडे पडतील. म्हणजे दगड सैल, पण कण कठीण. टाइलवरचे ओरखडे असेच आले होते.

मावशींचा धार लावण्याचा दगड इथं येऊन बसतो. धार लावायला कठीण कण हवेत, नाहीतर पोलाद झिजणार नाही. पण ते कण फार घट्ट धरलेलेही नकोत, नाहीतर वरचे कण बोथट झाले की दगड गुळगुळीत होतो आणि काम थांबतं. वालुकाश्मात झिजलेला कण निघून जातो आणि खालचा नवा, टोकदार कण वर येतो. मावशींना हे ठाऊक होतंच. त्यांनी दगड वापरून ओळखला होता, आम्ही मोजून त्याच जागी पोचलो. पहिल्या दिवशी तिघांची मतं ऐकून घेतली तेव्हा सगळ्यात वजनदार पुरावा त्यांच्याकडे होता, कारण तो दगड जागेवर कुठं आहे हे त्या एकट्याच सांगत होत्या.

फोडून

बाहेरचा पृष्ठभाग शेवटी नदीचा असतो. दगडाचं स्वतःचं रूप ताज्या भेगेत दिसतं. गोटा जाड फडक्यात गुंडाळला, डोळ्यांवर चष्मा लावला आणि हातोडीचा एक नेमका ठोका दिला. शाळेत हे काम मुलांना देऊ नये, मोठ्या माणसानं करावं.

तो रेघांच्या दिशेनं फुटला. भेगेचा पृष्ठभाग खडबडीत. भिंगातून पाहिलं तर एका अर्ध्यावर कण अख्खे उभे, आणि दुसऱ्या अर्ध्यावर त्याच जागी त्यांचे रिकामे खळगे. भेग कणांना वळसा घालून गेली होती. जास्पर असता तर भेग शिंपल्यासारखी वक्र, मेणचट चमकेची आणि धारदार कडेची आली असती. ज्यात क्वार्ट्झच्याच चिकट्यानं कण एकजीव झालेत असा फार जुना, कडक वालुकाश्म किंवा क्वार्ट्झाइट असता तर भेग कणांना चिरत आरपार गेली असती. बेसाल्ट असता तर तांबड्या सालीखाली काळा-करडा गाभा निघाला असता. पिशवीतला एक लालसर गोटा तसा निघालाही, वर जेमतेम २-३ मिलिमीटरचं तांबडं कवच आणि आत काळाभोर.

आपल्या गोट्यात आत फिकट विटकरी रंग होता, एका बाजूला पिवळसर डाग, आणि बाहेरच्या कडेला थोडा गडद काठ. म्हणजे नदीतल्या ऊन-पाण्यानं बाहेरचा रंग गडद केला असेल, पण लाली आतपर्यंतची, दगडाची स्वतःची आहे.

ताज्या भेगेवर शाळेच्या प्रयोगशाळेतलं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं. काही झालं नाही. त्याच पिशवीतल्या करड्या, गुळगुळीत, कणच न दिसणाऱ्या गोट्यावर एक थेंब टाकताच तो फसफसला: पैनगंगेकडचा चुनखडक. लाल गोटा फसफसला नाही म्हणजे त्याचे कण चुन्यानं चिकटलेले नाहीत, लोहाच्या लेपानं आणि थोड्या मातीनं धरलेले आहेत. आम्ल नसेल तर चुनखडकाची भुकटी करून तिच्यावर लिंबाचा रस पिळला तरी बारीक बुडबुडे दिसतात, जरा धीर धरावा लागतो. संडास साफ करायचं आम्ल मात्र यासाठी वापरू नये, ते फार तीव्र असतं.

निकाल: लोहयुक्त वालुकाश्म, मध्यम ते भरड कणांचा, क्वार्ट्झप्रधान, थोडा सडका फेल्स्पार असलेला.

कुठला वालुकाश्म?

नाव मिळालं की काम संपलं असं मला कधी वाटत नाही. वालुकाश्म म्हणजे दगड झालेली वाळू. मग ती कुणाची वाळू?

या भागात दोन मोठे दावेदार, बराकर आणि कामठी. बराकर वालुकाश्म ताजा असताना पांढरट-करडा, त्यात फेल्स्पार भरपूर, मधूनमधून कोळशाच्या बारीक काळ्या रेघा. उघड्यावर पडला की तोही पिवळा-तपकिरी होतो, म्हणून केवळ बाहेरचा रंग पाहून त्याला कामठी म्हणता येणार नाही. पण गोटा फोडल्यावर लाली आतपर्यंत दिसली, कोळशाचा मागमूस नव्हता, फेल्स्पार कमी होता. त्यात मावशींनी सांगितलेली दरड. बाईंनी तिचे फोटो पाठवले: तांबूस, जाड थर, त्यांत तिरप्या रेघांचे गठ्ठे. सगळं एकत्र ठेवलं तर हा कामठी वालुकाश्म आहे यात मला शंका वाटत नाही. नागपूरजवळच्या कामठी गावावरून त्याला हे नाव मिळालं. वय साधारण २५ कोटी वर्षं, पर्मियन कालखंडाचा शेवट आणि त्यापुढचा काही काळ.

तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात, गोंडवना या महाखंडाचा भाग होता. त्याच्याही आधी, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, याच परिसरावर हिमनद्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ पैनगंगा चुनखडकाच्या तळावर हिमनदीनं ओढलेले ओरखडे सापडले, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७० च्या दशकात नोंदवले. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तिथं. बर्फ ओसरल्यावर दलदलीची जंगलं आली, त्यांचा बराकरमध्ये कोळसा झाला. आणि मग रुंद, वाळूनं भरलेल्या नद्या आल्या, त्यांची वाळू म्हणजे आपला गोटा. कामठी खडकांच्या बारीक कणांच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. १९व्या शतकाच्या मध्यात नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातून असे जीवाश्म गोळा केले होते. भरड वालुकाश्मात पान टिकत नाही. बाईंच्या मुलांना पान शोधायचं असेल तर त्यांनी दरडीतले बारीक मातकट, पापुद्र्यासारखे सुटणारे थर पाहावेत.

दरडीतल्या तिरप्या रेघा बाईंनी खास विचारल्या होत्या. वाहत्या पाण्याखाली वाळूचे उंचवटे पुढं सरकतात, त्यांच्या उतरत्या बाजूवर थर बसतात आणि ते प्रवाहाच्या दिशेनं कललेले राहतात. असे कल ठिकठिकाणी मोजून जुन्या नद्यांची दिशा काढता येते. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या गोंडवना वालुकाश्मांत ही दिशा मुख्यतः उत्तरेकडे आणि वायव्येकडे येते. आजची वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी आग्नेयेकडे, बंगालच्या उपसागराकडे वाहतात. म्हणजे या गोट्यातली वाळू एका नदीनं वायव्येकडे आणली आणि २५ कोटी वर्षांनी दुसरी नदी तीच वाळू, दगडाच्या रूपात, उलट दिशेला नेते आहे. मला या सगळ्या प्रकरणात याहून मोठी गोष्ट कोणतीच वाटली नाही.

भिंगाखाली हे दोन प्रवास वेगळे दिसतात. आतले कण अर्धवट गोल आहेत, कोपरे शिल्लक असलेले: ती जुन्या नदीची झीज. गोट्याच्या कडा गोल आहेत: ही वर्धेची. वालुकाश्म नदीत फार तग धरत नाही. अकीक आणि जास्परचे खडे शेकडो किलोमीटर जातात, पण हा दगड आपटत, सुटत लवकर पुन्हा वाळू होतो. गोटा अजून ९ सेंटिमीटरचा आहे आणि त्याची खरखर शाबूत आहे, म्हणजे तो जवळच्याच दरडीतून अलीकडे सुटलेला असणार.

दगडात शिरलेलं पाणी

गोट्यानं प्यायलेले ते १७ ग्रॅम पाणी मी बाईंना परत परत सांगितलं, कारण त्याचा गावाशी थेट संबंध आहे. बेसाल्टच्या प्रदेशात विहिरीला पाणी लागतं ते भेगांत, सांध्यांत, पोकळ्यांच्या सडक्या थरात. भेग चुकली की बोअर कोरडं. कामठी वालुकाश्मात पाणी कणांमधल्या फटींत साठतं, थरभर. नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात तो भूजलासाठी चांगला खडक म्हणून ओळखला जातो तो यामुळं. नदीत पडून सैल झालेल्या एका गोट्याचे १० टक्के संपूर्ण थराला लावता येणार नाहीत, जमिनीखाली तोच खडक जास्त घट्ट असू शकतो. फटी एकमेकींना जोडलेल्या किती, हाही वेगळा प्रश्न आहे. पण पाणी दगडाच्या 'आत' असतं म्हणजे नेमकं कुठं, हे मुलांना रात्रभर भिजवलेला एक गोटा दाखवतो तसं फळ्यावरचं चित्र दाखवू शकत नाही.

पुढचं काम बाईंनी ठरवलंय. संगमाच्या वर वर्धेच्या पात्रात एका ठिकाणी, पैनगंगेच्या पात्रात एका ठिकाणी आणि संगमाच्या खाली एका ठिकाणी, डोळे मिटून हाताला लागतील ते १०० गोटे मुलं उचलणार आणि बेसाल्ट, गार-अकीक, चुनखडक, वालुकाश्म, माणसाचे असे ढीग करणार. निवडून उचललं तर रंगीत दगडच हाती येतात, म्हणून डोळे मिटून. पैनगंगेच्या बाजूला चुनखडक जास्त आणि वर्धेच्या बाजूला वालुकाश्म जास्त निघायला हवा. तसं निघालं नाही तर दरड कोणत्या काठाला आहे आणि पूर कोणत्या नदीचा मोठा होता, हे मावशींना विचारावं लागेल.